दहावी आलेली ललिता
(मंडळाच्या वर्धापनदिनी वाचलेले भाषण)



वर्धापनदिनाला सभासदांपैकी कोणीतरी एकीने बोलायचे, असा आपल्या मंडळाचा रिवाज आहे. आजवर मी सतरंज्या घालणे, चहाचे पाहणे आणि पेढ्यांचा हिशेब ठेवणे एवढीच कामे केली. यंदा चिटणीसबाईंनी माझे नाव परस्पर लिहून टाकले आणि वर मला म्हणाल्या, "विषय तुमचा तुम्ही निवडा." माझे शिक्षण सातवीपर्यंत. तेव्हा मोठमोठ्या विषयांना मी हात घालीत नाही. माझ्या माहेरच्या तालुक्यातली एक मुलगी होती, तिच्याविषयी चार शब्द सांगते. 'होती' म्हणजे आहे, चांगली खुशाल आहे. पण तिची धावण्याची कारकीर्द संपली, म्हणून तसे तोंडात आले.

हा विषय मला सुचला तो घरातल्या भांडणातून. माझी धाकटी मुलगी धावते, हे इथे बऱ्याचजणींना ठाऊक आहे. गेल्या हिवाळ्यात ती शाळेतर्फे मोठ्या शर्यतीला गेली आणि सहावी आली. सहाव्या नंबराला काही मिळत नाही. एक केळे आणि एक कागद मिळाला. ती घरी आली त्या रात्री आम्ही जेवायला बसलो असताना मीच विषय काढला. म्हटले, "आता पुरे झाले. पुढच्या वर्षी दहावी आहे. त्या पळण्यातून काही हाती लागत नाही." आमचे हे काही बोलले नाहीत. मार्केटमध्ये दिवसभर कांद्याची पोती वाहून आलेल्या माणसाला बोलायला त्राण नसते. मुलीने ताटावरून मान वर न करता म्हटले, "आई, ललिता बाबर पण दहावीच आली होती."

मला वाटले, ती बोर्डाच्या परीक्षेविषयी बोलते आहे! मी म्हटले, "मग बघ, ती शिकली ना?" तेव्हा मोठ्याला हसू आवरेना. मग मला समजावून सांगण्यात आले की, ही दहावी म्हणजे इयत्ता नव्हे. सन २०१६ मध्ये ब्राझीलमधल्या रिओ शहरात ऑलिंपिक झाले, त्यात ललिता बाबर शर्यतीत दहाव्या नंबरावर आली. जगात दहावी. मी म्हटले, "पण पदक नाहीच ना मिळाले?" आणि तिथून जे भांडण जुंपले, ते दोन दिवस चालले.

ललिताचे नाव मला नवीन नव्हते. ती माण तालुक्यातल्या मोही गावची, आणि माझे माहेरही माण तालुक्यातलेच. आपल्या या वसाहतीत अर्धी घरे सातारा जिल्ह्यातली आहेत, त्यामुळे माणदेश म्हणजे काय ते फार सांगायला नको. ज्या कोकणातल्या आहेत, त्यांच्यासाठी सांगते. पाऊस आमच्याकडे वाट चुकल्यासारखा येतो. बाजरी, मटकी, मेंढरे आणि शिखर शिंगणापूरचा शंभू महादेव, एवढी आमची दौलत. मंडळाच्या कपाटात व्यंकटेश माडगूळकरांचे 'माणदेशी माणसं' आहे, ते पुष्कळजणींनी वाचले असेल. पुस्तकातला दुष्काळ वाचायला बरा वाटतो. घागर डोक्यावर घेऊन त्यातून चालावे लागते, तेव्हा त्याची गोडी राहत नाही.

तर अशा मुलखात, शेतकऱ्याच्या घरी, २ जून १९८९ रोजी ललिता जन्मली. माझ्यापेक्षा ती बरीच लहान. शाळेत ती खो-खो खेळे. खो-खोतून ती धावण्याकडे वळली, आणि तेही लांब पल्ल्याच्या. सन २००५ मध्ये पुण्याला वीस वर्षांखालच्या मुलींची राष्ट्रीय स्पर्धा झाली, तिथे तिने सुवर्णपदक घेतले. तेव्हा तिला सोळावे वर्ष होते. सोळाव्या वर्षी माझ्यासाठी स्थळे पाहायला सुरुवात झाली होती. हे मी कुणाला दोष देण्यासाठी सांगत नाही. सातवीनंतरची शाळा लांब होती, आणि मुलीने एवढे चालत जायचे कसे, असे वडिलांना वाटले. त्याच तालुक्यात थोड्याच वर्षांनी दुसऱ्या एका बापाने आपल्या मुलीला पुण्याला पळायला पाठवले. दोघेही आपापल्या मुलीची काळजीच करीत होते.

पुढे ती रेल्वेकडून धावू लागली. मुंबईत दर जानेवारीत मोठी मॅरेथॉन होते. बेचाळीस किलोमीटर आणि वर थोडे, एवढे त्यात पळावे लागते. आपल्या देशातल्या बायकांमध्ये ललिता तिथे २०१२, २०१३ आणि २०१४ अशी सलग तीन वर्षे पहिली आली. इतके झाल्यावर एखादी म्हणाली असती, झाले, नाव झाले, आता हेच धरून बसावे. पण आशियाई स्पर्धेत पदक घ्यायचे तिच्या मनात होते. म्हणून त्याच वर्षी तिने शर्यतच बदलली. मॅरेथॉन सोडून तीन हजार मीटर स्टीपलचेस धरली.

आता ही स्टीपलचेस म्हणजे काय, ते मला मुलीकडून तीनदा समजून घ्यावे लागले. मैदानाला साडेसात फेऱ्या मारायच्या. वाटेत लाकडी अडथळे असतात. बायकांच्या शर्यतीत त्यांची उंची तीस इंच, म्हणजे आपल्या स्वयंपाकाच्या ओट्यापेक्षा किंचित कमी. असे अठ्ठावीस अडथळे. शिवाय सात वेळा पाण्याची उडी. तिथे अडथळ्याच्या पलीकडे बारा फूट लांब पाण्याचा खड्डा असतो. लाकडावर एक पाय ठेवून पलीकडे झेप घ्यायची, खड्डा सारा ओलांडता येत नाहीच, उथळ पाण्यात पडायचे आणि भिजल्या बुटांनी पुढे पळायचे. एकूण पस्तीस उड्या. हर्डल्सच्या शर्यतीत पाय लागला की अडथळा पडतो. इथे तसे नाही. इथे अडथळा जागचा हलत नाही, पाय अडकला तर माणूस पडते. पळता पळता पस्तीस वेळा ओट्यावरून उडी मारा, असे कुणी मला सांगितले तर मी त्याला घराबाहेर काढीन.

मला मौज वाटली ती निराळ्याच गोष्टीची. जिथे हंडाभर पाण्यासाठी टँकरची वाट पाहतात, तिथली ही पोर जगभर जाऊन पाण्यात उड्या मारीत होती.

ही शर्यत बायकांसाठी ऑलिंपिकमध्ये आली ती सन २००८ पासून. पुरुषांची शंभर वर्षांची जुनी. बायकांना हे झेपणार नाही, असे म्हणणारे केवळ आपल्याकडेच असतात असे नाही, एवढे यावरून कळले.

आणखी एक सांगायचे राहिले. तिला शिकवणारे गुरुजी परदेशी होते, निकोलाय स्नेसारेव. ते बेलारूसचे, म्हणजे पूर्वी सोव्हिएत रशियात मोडत असे त्या देशाचे. आपली नाशिकची कविता राऊतही त्यांचीच शिष्या. सन २०१० च्या आशियाई स्पर्धेत दहा हजार मीटरला तिने रौप्यपदक घेतले होते. घरदार सोडून आपल्या मुलींना पळायला शिकवणारा हा माणूस मार्च २०२१ मध्ये पतियाळाच्या क्रीडासंस्थेत वारला. आपल्या माणसांपासून इतक्या दूर मरण आले, हे वाचून मला वाईट वाटले.

माझ्या किराण्याच्या हिशेबाच्या वहीत शेवटच्या पानावर मी ललिताचे आकडे लिहून ठेवले आहेत. मुलीने सांगितले तसे लिहिले. ते वाचते.

सप्टेंबर २०१४, कोरियातले इंचॉन, आशियाई स्पर्धा: ९ मिनिटे ३५.३७ सेकंद. शर्यत बदलल्याला वर्ष झाले नव्हते, आणि राष्ट्रीय विक्रम मोडला. जुना विक्रम होता उत्तर प्रदेशच्या सुधा सिंगचा. २०१० च्या आशियाई स्पर्धेत तिने सुवर्ण घेतलेले. ती सुधा याही शर्यतीत ललिताच्या पाठोपाठ होती, ती चौथी आली. इथे एक घोळ झाला. पहिल्या आलेल्या बहारीनच्या मुलीचा पाय आखणीच्या आत पडला म्हणून तिला बाद केले, त्यामुळे ललिता दुसरी आणि सुधा तिसरी ठरली. मग तक्रार गेली, निकाल फिरला, आणि ललिता पुन्हा तिसरी. कांस्यपदक तिला मिळाले. पण सुधाचे काय झाले पाहा. हातात आलेले पदक गेले, आणि ललिताशी फरक किती, तर पाव सेकंदाहून थोडा जास्त! माझे मन त्या सुधापाशी बराच वेळ अडकून राहिले.

जून २०१५, चीनमधले वुहान, आशियाई अजिंक्यपद: ९ मिनिटे ३४.१३ सेकंद, सुवर्णपदक. ऑगस्ट २०१५, बीजिंग, जागतिक स्पर्धेची प्राथमिक फेरी: ९ मिनिटे २७.८६. अंतिम फेरीत आठवी. एप्रिल २०१६, दिल्ली: ९ मिनिटे २७.०९. आणि १३ ऑगस्ट २०१६, रिओ, प्राथमिक फेरी: ९ मिनिटे १९.७६.

हे आकडे मी वरून खाली पुष्कळ वेळा वाचले. दोन वर्षांत साडेपंधरा सेकंद कमी झाले. ऐकताना ते काहीच वाटत नाहीत. गॅस बंद करायला जावे तोवर दूध उतू जाते, तेवढाच वेळ. पण एप्रिलमध्ये बीजिंगपेक्षा पाऊण सेकंद कमी करायला तिला आठ महिने लागले होते. तो पाऊण सेकंद तिने कशातून काढला असेल? आपण संसारात अशीच काटकसर करतो, साखरेचा एक चमचा कमी, रिक्षाऐवजी चालत. बाहेरच्या माणसाला ते दिसत नाही. आणि मग एके दिवशी एकदम सात सेकंद निघाले, तेही ऑलिंपिकच्या मैदानात, जिथे भल्याभल्यांचे हातपाय गार पडतात.

त्या दिवशी ती आपल्या गटात चौथी आली. पहिल्या तिघी सरळ पुढे जायच्या, आणि उरलेल्यांतून वेळ पाहून आणखी काहीजणी घ्यायच्या. ललिताची वेळ चांगली म्हणून ती घेतली गेली. एकटीने धावण्याच्या शर्यतीत, प्राथमिक फेरी पार करून, ऑलिंपिकच्या अंतिम फेरीला आपल्या देशाची बाई पोचली ती बत्तीस वर्षांनी. त्याआधी १९८४ मध्ये लॉस एंजलिसला पी. टी. उषा पोचली होती, आणि सेकंदाच्या शंभराव्या हिश्शाने तिचे कांस्यपदक गेले होते. मधली बत्तीस वर्षे अशी एकटीने पोचलेली कोणी नाही.

अंतिम शर्यत १५ ऑगस्टला झाली. सकाळी आपल्याकडे झेंडावंदन झाले, मुलांना खाऊ वाटला, आणि संध्याकाळी तिकडे ब्राझीलमध्ये ललिता उभी राहिली. मी ती शर्यत तेव्हा पाहिली नाही. शेजारी टीव्ही चालू होता, 'सातारची मुलगी पळते आहे' अशी हाक आली होती, पण माझी कणीक भिजलेली होती. आता मुलीने मोबाईलवर दाखवली. अठराजणी होत्या. बहारीनची तीच ती मुलगी, इंचॉनला पहिली आलेली, सगळ्यांना मागे टाकून ८ मिनिटे ५९.७५ सेकंदांत पहिली आली. ललिताला लागले ९ मिनिटे २२.७४. मधे बरेच अंतर पडले, ते लपवण्यात अर्थ नाही. ती दहावी आली. तिच्या मागे आठजणी होत्या, हे मात्र मी त्या दिवसापर्यंत कधी मनात आणले नव्हते.

त्याच वर्षी तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. पुढे २०१७ मध्ये लग्न झाले, आणि मोठ्या स्पर्धांत ती पुन्हा दिसली नाही. राज्य सरकारने तिला उपजिल्हाधिकारी म्हणून नेमले. आपल्या शेजारच्या रायगड जिल्ह्यात माणगावला तिने तहसीलदार म्हणूनही काम पाहिले. तिचा रिओचा विक्रम सात वर्षे टिकला. सन २०२३ मध्ये पारुल चौधरीने तो मोडला. पुरुषांत आता ही शर्यत म्हणजे आपल्या बीड जिल्ह्याचा अविनाश साबळे, असे झाले आहे. तोही कोरड्या मुलखातला आणि शेतकऱ्याचाच.

मागच्या गुरुवारी मी हे भाषण दोघीतिघींना वाचून दाखवले. तेव्हा एकजण म्हणाली, "शेवटी लग्न झाले आणि संपले, हेच ना?" दुसरी म्हणाली, "कलेक्टर कचेरीत मोठी साहेबीण झाली, म्हणजे पळण्याचे सार्थक झाले." मला दोन्ही बोलणी पटली नाहीत, आणि का पटली नाहीत ते तिथे सांगताही आले नाही. अठ्ठाविसाव्या वर्षी तिने थांबायचे ठरवले ते का, ते तिला माहीत. पस्तीस उड्या मारणाऱ्या देहाचे आतून काय होते, ते आपण बाहेरून काय सांगणार? आणि नोकरी मिळाली नसती तर ते ९ मिनिटे १९.७६ सेकंद फुकट गेले असते काय? मी रोज पोळ्या करते, त्या रात्रीपर्यंत संपतात. त्या फुकट गेल्या, असे मला कोणी अजून म्हटलेले नाही.

पण हेही खरे की, मुलगी सहावी आली त्या रात्री मी नेमके तेच बोलले होते. काही हाती लागत नाही, असे. ती एकटीच पळाली असती तर पहिली आली असती, हे मला कळत नव्हते असे नाही. पण तिच्या मागे किती होत्या, ते मी विचारलेच नाही. नंतर विचारले. एकतीस.

आता खरे भांडण कशावरून होते, ते सांगते. नंबराचे मी निमित्त केले होते. माझी खरी अडचण मैदानाची होती. मुली पहाटे साडेपाचला पळायला जातात, कारण सात वाजता शाळा. मैदानाच्या मागच्या कोपऱ्यातले दोन दिवे गेले आहेत. अर्ज केला, पुन्हा केला, अजून लागलेले नाहीत. तिथे पहाटे काही टोळकी मोटारसायकली लावून बसतात. एके दिवशी मुलींच्या मागे कोणी हाका मारीत गेले, आणि माझ्या मुलीने ते मला आठ दिवस सांगितले नाही. सांगितले तर आई मैदान बंद करील, असे तिला वाटले. तिचे काही चुकले नाही. कळल्यावर मी तेच करायला निघाले होते.

माझ्या वडिलांनी 'एवढे चालत जायचे कसे' असे म्हटले होते. मी 'दहावी आहे' असे म्हटले. शब्द निराळे, गोष्ट एकच.

तेव्हा दीड महिन्यापासून मी पहाटे मैदानावर जाऊन बसते. काही करायचे नसते, नुसते बसायचे. मी बरोबर कापूस नेते आणि वाती वळते. त्याला उजेड लागत नाही. देवाच्या वाती माझ्याकडे आता वर्षभर पुरतील एवढ्या झाल्या आहेत, कुणाला हव्या असल्या तर मागून घ्याव्यात. एक बाई बाकावर बसलेली दिसली की मोटारसायकलवाले हळूहळू पांगतात, हे मी पाहिले. दोन बाया असल्या तर येतच नाहीत. पळणाऱ्या मुली आधी तीन होत्या, आता सात झाल्या. त्यांतल्या दोघी आपल्याच सभासदांच्या आहेत, पण त्यांची नावे मी घेत नाही, कारण घरी अजून सांगितलेले नाही.

सात मुलींत माझी मुलगी पहिली येत नाही. पलीकडच्या गल्लीतली एक पोर तिच्यापेक्षा जलद पळते आणि माझी तिच्यामागे दात-ओठ खात धावते. मी मोबाईलवर वेळ लावून वहीत लिहिते. ललिताच्या आकड्यांच्या खालीच लिहायला सुरुवात केली आहे. गेल्या सोमवारी तीन हजार मीटरला, उड्यांशिवाय, तिला १२ मिनिटे ४१ सेकंद लागले. परवा १२ मिनिटे ३८.

माझी विनंती एवढीच. सोमवारी, मंगळवारी आणि गुरुवारी मी जाते. शुक्रवारी समोरच्या काकू येतात, त्यांचे गुडघे दुखतात तरी येतात. बुधवार आणि शनिवार रिकामे आहेत. त्या दोन दिवशी मुली जात नाहीत, मीच जाऊ नका म्हणून सांगितले आहे. साडेपाच ते साडेसहा, एक तास. बाक ओला असतो, तेव्हा बूड टेकायला गोणपाट न्यावे. ज्यांना जमेल त्यांनी आपले नाव चिटणीसबाईंकडे द्यावे. त्या परस्पर लिहून टाकतील त्याआधी दिलेले बरे.